बारोलोच्या वाटेवर दोल्चेत्तो

चूक झाली ती वाराची. आम्ही रविवारी इटलीत तुरीनहून रेल्वेने अल्बा या गावी उतरलो आणि बारोलो गावाकडे (त्याच नावाची महागडी लाल वाइन जिथली, ते) जायला बसच नाही! दुपार अल्बातच काढावी लागली.

एका साध्या खाणावळीत शेजारचे आजोबा जे पीत होते तेच बोट दाखवून मागवलं. निघाली दोल्चेत्तो, त्याच नावाच्या द्राक्षाची इथली लाल वाइन. नावाचा अर्थ ‘गोडुली’, पण गोडवा औषधालाही नाही. गडद जांभळी, शेवटी किंचित कडवट. दुकानात हिची बाटली दहा युरोंच्या आसपास मिळाली. बारोलोच्या बाटलीला त्याच्या तिप्पट-चौपट मोजावे लागतात.

कारण साधं आहे. बारोलो ज्याची होते ते नेब्बिओलो द्राक्ष उशिरा पिकतं, म्हणून उन्हाचे उतार त्याला. दोल्चेत्तोचं द्राक्ष लवकर पिकतं, त्याला थंड बाजूही चालते. शिवाय बारोलो किमान 38 महिने मुरवावी लागते, त्यातले 18 लाकडी पिंपात. नेब्बिओलोचीच चव स्वस्तात हवी असेल तर ‘लांगे नेब्बिओलो’ मागा (लांगे म्हणजे इथल्या टेकड्या). रंग फिका, पण जांभळं खाल्ल्यासारखी जीभ आखडते. रिकाम्या पोटी नको.

सोमवारी बार्बारेस्को, हेही वाइनचंच गाव. तिथे सान दोनातोच्या जुन्या चर्चमध्ये आता वाइनचं दुकान आहे, एकेक पेला घेऊन चाखता येते. जवळच 1958 साली गावच्या पाद्र्याने 19 शेतकऱ्यांना एकत्र करून काढलेली सहकारी वाइनरी. आपल्या साखर कारखान्यांची आठवण झाली, फक्त इथे राजकारण दिसलं नाही (दिसलं असतं तरी इटालियनमधलं कळलं नसतं म्हणा).

जाणाऱ्यांनी मुक्काम अल्बात ठेवावा आणि बसचं वेळापत्रक आधीच बघावं. चाखायचं असेल तर गाडी चालवू नका. मर्यादा लिटर रक्ताला अर्धा ग्रॅम अल्कोहोल, ती कधी ओलांडली जाते ते कळतही नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ट्रफलच्या (जमिनीखाली उगवणाऱ्या महागड्या अळंबीच्या) जत्रेमुळे खोल्या महागतात. दुपारी बरीच दुकानं बंद. शाकाहारी असाल आणि अंडं चालत असेल तर लोणी आणि सेजच्या पानांमधली ‘तायारिन’ (बारीक शेवयांसारखा पास्ता) मागा. ‘बान्या काउदा’ ही गरम लसणी चटणी भाज्यांबरोबर येते खरी, पण तिच्यात मासे असतात.

भारतात येताना माणशी दोन लिटर दारू करमुक्त. पाऊण लिटरच्या दोन बाटल्या बसतात, तिसरीला सव्वादोन होतात. माझी तिसरी बार्बेरा होती, इथलीच आणखी एक लाल वाइन. ती निघायच्या आदल्या रात्री खोलीवरच, पाव आणि चीजबरोबर संपवली.