खुळखुळ्याच्या झुडपापाशी: कारंजा-सोहोळच्या गवतात ठिपक्यांच्या पतंगाचा शोध

दसरा झाला, सोयाबीनची काढणी आटोपत आली, की वाशीम जिल्ह्यातलं गवत पिवळं पडायला लागतं. त्या दिवसांत मी आणि माझा भाचा कारंजाला गेलो, युटेथेइसा नावाचा पतंग पाहायला. हा पतंग आफ्रिकेपासून दक्षिण युरोप, भारत असा दूरवर पसरलेला आहे, म्हणून जगाच्या हिशेबात त्याला दुर्मिळ म्हणता येणार नाही. पण जिथे पडीक गवत मोडून सोयाबीन आलं, तिथे तो मला वर्षानुवर्षं दिसलेला नव्हता.

पहिला दिवस वाया गेला. कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य जेमतेम 18 चौरस किलोमीटरचं. पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं आणि दूरवर उभे काळवीट. आम्ही वाट धरून नुसते गवत न्याहाळत चाललो. मोज्यांत कुसळं भरली, पतंग एकही नाही.

संध्याकाळी अभयारण्याबाहेरच्या ई-क्लास, म्हणजे गावच्या चराईच्या सरकारी जमिनीवर एक गुराखी काका भेटले. पिवळ्या फुलांचं एक झुडूप दाखवून मी विचारलं, हे इथे एवढं कसं?

"हा खुळखुळा, ताई. त्याले गुरं तोंड नाही लावत. बाकी सारं चरून जाते, हे उभंच रायते."

सगळी गोष्ट त्या एका वाक्यात होती. खुळखुळ्यात, म्हणजे क्रोटालारियात, पायरोलिझिडिन अल्कलॉइड नावाची विषारी रसायनं असतात आणि ती जनावरांच्या यकृताला घातक ठरतात. युटेथेइसाची अळी मात्र तेच खाते आणि ते विष अंगात साठवून ठेवते. पतंग झाल्यावरही ते अंगातच राहतं. म्हणूनच तो भर उन्हात, असे भडक ठिपके मिरवत उडू शकतो. युटेथेइसाच्याच एका अमेरिकन जातीवर कीटक-अभ्यासक थॉमस आयस्नर यांनी कॉर्नेल विद्यापीठात बरंच काम केलं. जाळ्यात अडकलेला पतंग कोळी स्वतःच धागे तोडून सोडून देतो, हे त्यांनी दाखवलं. नर मीलनाच्या वेळी आपल्याकडचं विष मादीला देतो आणि ती ते अंड्यांपर्यंत पोचवते, हेही त्याच कामातून कळलं. मला यातलं सगळ्यात सुंदर वाटतं ते हेच, की अंडंसुद्धा उघड्यावर निराधार नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खुळखुळ्याच्या झुडपांभोवतीच थांबलो. दव ओसरलं, साडेआठच्या सुमारास भाच्याच्या पायाजवळून पांढरं काहीतरी फडफडत उठलं, आठ-दहा फुटांवर कुसळीच्या काडीवर बसलं. बसताना पंख अंगाला लपेटून घेतो, मग कागदाची बारीक सुरळी वाटते. पुढच्या पंखांवर लाल ठिपके आणि त्यांच्यामधून काळे टिपके. मागचे पंख पांढरे, कडेला काळी वेडीवाकडी किनार, पण ती बसल्यावर झाकली जाते. म्हणून उडतानाचा किंवा पंख उघडलेला एक तरी फोटो हवा. गोंधळ होतो तो आर्जिना अ‍ॅस्ट्रिया या दुसऱ्या पतंगाशी, कारण तोही खुळखुळ्यावरच वाढतो. पण तो नारिंगी असतो आणि त्याच्या काळ्या ठिपक्यांभोवती पांढुरकी कडी असतात. युटेथेइसात पुल्केला आणि लोट्रिक्स या दोन जाती आपल्याकडे आहेत. त्या फोटोवरून वेगळ्या करायचा मोह टाळा. खात्री नराच्या जननेंद्रियांवरूनच होते. नोंदीत 'युटेथेइसा' एवढंच लिहिलं, तरी ती चांगली नोंद आहे.

अळ्या मात्र शेंगांपाशी शोधा. हिरव्या शेंगेला गोल भोक दिसलं की जवळच ती असते: राखाडी-काळपट, लांब विरळ केस, पाठीवर पांढरा पट्टा आणि प्रत्येक वलयावर नारिंगी आडवी रेघ. तागाच्या शेतातही ती सापडते. तिथे शेतकरी तिला कीडच मानतात, आणि त्यांचं चुकत नाही.

अभयारण्यातून काहीही उचलायचं नाही, काडीसुद्धा. आत जायला वन विभागाची परवानगी घ्या. आम्ही दोन अळ्या बाहेरच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, वावराच्या मालकाला विचारून आणल्या. डबीला जाळीचं झाकण, तळाशी कोरडी माती आणि पालापाचोळा, रोज ताज्या शेंगा. शेंगा ओल्या ठेवल्या तर बुरशी धरते, एक अळी आम्ही तशीच गमावली. दुसरी सतराव्या दिवशी पाचोळ्यात शिरली आणि विरळ धाग्यांत तपकिरी कोष केला. रानातही कोष असाच जमिनीलगत असतो, म्हणून उन्हाळ्याआधी धुरे पेटवले की पतंगाची पुढची पिढी त्यात जाते. काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मंग आमच्या धुऱ्याले आग नाही लावत आता."

जायचं असेल तर सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा काळ धरा. रेल्वेने मूर्तिजापूरला उतरून एसटीने कारंजा गाठता येतं. समृद्धी महामार्गावरूनही कारंजाला उतरता येतं. कापडी बूट नकोत, कुसळं आरपार जातात. जाळी फिरवत गवत झोडपू नका. एका झुडपापाशी अर्धा तास उभं राहिलात तर जास्त दिसेल.

कोष केल्यावर दहाव्या दिवशी पहाटे पतंग बाहेर आला. पंख ताणून झाल्यावर दुपारच्या एसटीने भाचा त्याला घेऊन कारंजाला गेला आणि त्याच धुऱ्यावर डबी उघडली.