व्ही-क्रॉस, नोंद तिसरी: आठ मिलिमीटर गेले कुठे?

माझ्या व्ही-क्रॉसच्या, म्हणजे इसुझूच्या पिकअपच्या, मागच्या नोंदीत मी तोऱ्यात लिहिलं होतं की नव्या स्प्रिंगा टाकून पुढची बाजू ४६ मिमी उचलली. हबच्या (चाकाच्या तुंब्याच्या) मध्यापासून फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) कडेपर्यंत टेपने मोजलं तेव्हा तेवढं भरलंही होतं. काल मोजलं तर ३८.

मधल्या ७०० किलोमीटरमध्ये एक आवाज सुरू झाला होता. स्पीड ब्रेकरवर हळू गेलं की वंगण नसलेल्या बैलगाडीसारखी कुरकुर. आधी शॉकॲब्सॉर्बरवर संशय घेतला. शेवटी खाली झोपून पहारीने लोअर आर्म (चाकाला चेसिसशी जोडणारा खालचा दांडा) हलवला, तर डावीकडच्या बुशचं, म्हणजे आर्मच्या सांध्यातल्या रबरी तुकड्याचं, रबर अर्ध्या गोलात फाटलेलं. फटीत नख जात होतं.

चूक सपशेल माझी. स्प्रिंगा बसवल्यावर गाडी जॅकवर, चाकं लोंबकळती, आणि मी तशातच आर्मचे बोल्ट करकचून आवळले. या बुशात रबर आतल्या नळीलाही चिकटलेलं असतं आणि बाहेरच्या कड्यालाही. बोल्ट आवळला की नळी जागीच धरली जाते आणि आर्म हलेल तसं रबर पिळतं. म्हणजे गाडी जमिनीवर टेकली त्या क्षणापासून बुश पिळलेलाच. तो पीळच गाडीला थोडं वर धरून होता. ते आठ मिलिमीटर स्प्रिंगचे नव्हतेच!

आता नवे बुश टाकले. चाकं जमिनीवर टेकवून, बोनेट चार वेळा दाबून मगच बोल्ट आवळले. खाली पाना फिरवायला जागा नसते, हाताची सालं निघतात. अलाइनमेंटचे पैसे पुन्हा गेले ते वेगळेच.

मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) खताच्या आणि सोयाबीनच्या पोत्यांनी सपाट झाले होते, म्हणून बाजारातला एक आखूड जादा पाटा घातला होता. रिकामी गाडी पांदणीत अशी उडायची की हौद्यातला पाण्याचा कॅन नाचायचा. संभाजीनगरच्या पाटेवाल्या चाचांकडे तक्रार नेली, तर म्हणाले, "खाली गाडी है, उछलेंगीच ना." त्यांनी आखूड पाटा काढून पूर्ण लांबीचा, पातळ पाटा घातला. आखूड पाटा मधल्या भागालाच ताठ करतो, लांब पाट्यात भार टोकापर्यंत वाटला जातो. पाटे ॲक्सलला बांधणारे यू बोल्टही नवेच लावायला लावले. २०० किलोमीटरनंतर पाना लावला, तर जवळजवळ अर्धा फेरा फिरले.

अंतूर किल्ल्याकडच्या कच्च्या रस्त्यावर मागच्या टायरची हवा ३६ पीएसआयवरून २२ वर आणली. पूर्वी जिथे मागचं चाक हवेत राहायचं, तिथे आता ते दगडाला टेकलं. पण उतरून पाहिलं तर ब्रेकच्या होजला (रबरी नळीला) जेमतेम दोन बोटं ढील होती; चाक आणखी खाली गेलं तर ती ताणली जाईल. लांब शॉक टाकायचा बेत म्हणून तूर्त रद्द.

परवा पाऊस झाल्यावर मात्र घराजवळच्याच पांदणीत अडकलो. काळ्या मातीने टायरच्या खाचा बुजल्या, चाकं गुळगुळीत झाली आणि दोन चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावर गाडी बसली. शेजारच्या काकांच्या ट्रॅक्टरने ओढून काढलं. "एवढी उंच केली ना रे?" म्हणाले. काका, चेसिस उंच झाली. मागचा डिफरन्शियल (दोन चाकांमधला गिअरचा गोळा) ॲक्सलवरच असतो, तो वर जातो फक्त टायर मोठा केला तर. त्याच्या पोटाला चिकटलेली माती अजून धुतली नाही.