खिशात मावणारं व्हायोलिन

पॅरिसच्या मेट्रोची पाच नंबरची लाइन पकडून पोर्त द पांतँला उतरलं, की जवळच संगीत संग्रहालय आहे. मी गेले होते जुनी हार्पसिकॉर्ड, म्हणजे पियानोच्या आधीची पट्ट्यांची वाद्यं, बघायला. रंगवलेल्या झाकणांची ती वाद्यं देखणी आहेतच, पण माझे पाय खिळले ते एका चिमुकल्या वस्तूपाशी. नावेसारखा निमुळता आकार, रुंदी जेमतेम तीन बोटं, वर खुंट्या आणि पोटावर बदामाच्या आकाराचं नाजूक छिद्र. पाटीवर लिहिलं होतं, ‘पोशेत’.

हा शब्द आदल्याच दिवशी एका दुकानात ऐकला होता. समारंभात हातात धरायच्या छोट्या पर्सला तिथे पोशेत म्हणतात. कोटाच्या वरच्या खिशात खोचलेला रुमालही पोशेतच. ‘पोश’ म्हणजे खिसा, पोशेत म्हणजे छोटा खिसा. मग व्हायोलिनला हे नाव का? तर ते खिशात घालून न्यायचं म्हणून!

फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजाने 1661 मध्ये नृत्याची राजेशाही अकादमी काढली. दरबारात वावरायचं तर नाच यायलाच हवा, त्यामुळे नृत्यशिक्षकांना घरोघरी मागणी होती. शिक्षक येणार, कोटाच्या खिशातून पोशेत काढणार, छातीशी किंवा दंडावर टेकवून धून वाजवणार आणि वाजवता वाजवताच पावलं टाकून दाखवणार. आवाज बारीक, पण एका खोलीला आणि एका शिष्याला पुरेसा. मी लहानपणी कथक शिकले. आमच्या बाई तबल्यावर ठेका धरून तोंडाने बोल म्हणायच्या, मधेच उठून तुकडा करून दाखवायच्या. त्या काचेसमोर मला बाईंची फार आठवण आली.

हे काही खेळणं नव्हे. हस्तिदंत, कासवाची पाठ, शिसवी लाकूड असा ऐवज त्यात वापरलेला असे. इटलीतला नामांकित व्हायोलिन-कारागीर, खुद्द स्त्रादिवारी, याने 1717 मध्ये घडवलेली पोशेत याच संग्रहालयाची आहे. संगीतकार क्लापिसाँचा वाद्यसंग्रह सरकारने 1861 मध्ये विकत घेतला, त्यातून ती इथे आली. पुढे एकोणिसाव्या शतकात नाचाच्या वर्गात पियानो आला आणि पोशेत मागे पडली.

काचेवर हात आडवा धरून मी ती मापली. दोन वितींना थोडी कमी.

दुसऱ्या दिवशी रिव्होली रस्त्यावरच्या सजावटी कलांच्या संग्रहालयात गेले, ती खिसे बघायलाच. अठराव्या शतकातल्या बायकांचे खिसे कपड्याला शिवलेले नसत. भरतकाम केलेल्या पिशव्या नाडीने कमरेला बांधायच्या, वर घागरा, आणि घागऱ्याच्या चिरेतून आत हात घालायचा. आजी नऊवारीच्या कनवटीतून सुट्टे पैसे काढायची, ते डोळ्यांपुढे आलं. शतकाच्या अखेरीस अंगासरशी झगे आले, आत खिशाला जागाच उरली नाही, आणि पिशवी हातात आली.

शेवटी एका पुरुषी कोटापाशी थांबले. गुडघ्यापर्यंत घेर, कमरेखाली खिशाची रुंद झडप, तिच्यावर चांदीच्या जरीची वेल. काचेवरूनच झडपेपासून खालच्या काठापर्यंत माप घेतलं. दोन वीत भरली, वर चार बोटं उरली.