ग्रॅच्युइटी अडवली, तर भांडायचं कुठे आणि कशावर

ग्रॅच्युइटीचे बहुतेक दावे कायद्याच्या बारीक कलमांवर अडत नाहीत. ते अडतात रुजू झाल्याच्या तारखेवर, सोडल्याच्या तारखेवर आणि शेवटच्या पगाराच्या आकड्यावर. या तीन गोष्टींचे कागद नोकरीत असतानाच जमवून ठेवले, तर अर्धं काम झालं. राजीनामा दिल्यावर कंपनीचा ईमेल बंद होतो, पोर्टलवरच्या पगारपावत्या दिसेनाशा होतात आणि मग मस्टर मागायला जावं लागतं त्याच एचआरकडे, ज्यानं पैसे अडवलेत.

हिशोब सोपा आहे. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षं. बेसिक आणि डीए मिळून २६,००० असेल तर एका वर्षाचे १५,००० होतात. सेवा ११ वर्षं ७ महिने असेल तर १२ वर्षं धरायची, कारण सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष मोजला जातो. म्हणजे १,८०,०००. कंपनीच्या कागदावर मात्र कधीकधी १,४३,००० दिसतात, म्हणजे २६ ऐवजी ३० नं भागलेलं असतं आणि वरचे सात महिने सोडून दिलेले असतात. सही करण्याआधी हे दोन आकडे तपासाच. केली असेल तरी घाबरू नका. फुल अँड फायनलच्या, म्हणजे नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशोबाच्या कागदावर 'आता काही येणं नाही' असं लिहून घेतलं, म्हणून कायद्यानं ठरलेली रक्कम बुडत नाही.

आता नियमाबद्दल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली. मुदतीच्या करारावर असलेल्यांना ग्रॅच्युइटीसाठीची पाच वर्षांच्या सेवेची अट उरली नाही, आणि भत्ते फुगवून बेसिक छोटं ठेवण्याच्या युक्तीलाही चाप बसला: पगाराच्या व्याख्येतून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरचा भाग पगारातच धरायचा. त्या तारखेआधी नोकरी सुटलेल्यांचे दावे जुन्या कायद्यानंच चालतात. खालची पद्धत त्याच कायद्याची आहे.

पहिलं पाऊल म्हणजे फॉर्म 'आय' मध्ये मालकाकडे अर्ज, ३० दिवसांत. उशीर झाला तरी तेवढ्यावरून दावा बाद होत नाही. 'तुम्ही अर्जच केला नाहीत' हे कंपनीचं उत्तर तर टिकतच नाही, कारण अर्ज येवो न येवो, रक्कम ठरवून कळवणं ही मालकाची जबाबदारी आहे. 'एलआयसीकडून पैसे आले नाहीत' हेही तसंच. कंपनीनं ग्रॅच्युइटीची सोय एलआयसीकडे केली असेल, तर तो त्या दोघांचा आपसातला मामला आहे.

तरी अर्ज कराच, आणि हातात नेऊन दिला तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवून पोच जपा. 'देणार नाही' असं कोणी लिहून देत नाही. फोनवर 'प्रोसेसमध्ये आहे' एवढंच सांगतात आणि महिने जातात. तुमची पोच हाच त्या गप्प बसण्याचा पुरावा. देय झाल्यापासून ३० दिवसांत पैसे आले नाहीत, तर १० टक्के सरळ व्याज लागतं. वरच्या उदाहरणात ते महिन्याला १,५०० रुपये होतं. उशीर कर्मचाऱ्याच्या चुकीनं झाला आणि त्यासाठी मालकानं नियंत्रक प्राधिकाऱ्याची (ग्रॅच्युइटीच्या दाव्यांचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याची) लेखी परवानगी घेतली, तरच व्याज सुटतं. अशी परवानगी क्वचितच कोणी घेतलेली असते, त्यामुळे अर्जात व्याज मागायला विसरू नका.

पुढचा अर्ज फॉर्म 'एन' मध्ये, नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे, ९० दिवसांत. उशिराचं सबळ कारण असेल तर तो नंतरही घेतला जातो. इथे सगळ्यात मोठी गफलत होते ती कार्यालयाची. कंपनी फक्त महाराष्ट्रात असेल तर कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच नियंत्रक प्राधिकारी असतात. पण शाखा एकाहून जास्त राज्यांत असतील तर प्रकरण केंद्राकडे, म्हणजे केंद्रीय सहायक कामगार आयुक्तांकडे जातं. चुकीच्या दारात गेलात, की अधिकारक्षेत्राच्या एका हरकतीवर दोन-दोन वर्षं वाया जातात. कंपनीच्या वेबसाइटवर शाखांची यादी असते, तिची प्रिंट अर्जाला लावा.

पुराव्यात नेमणूकपत्र, पगारवाढीची पत्रं, पगारपावत्या हव्यातच. पण हे काही नसेल तर पीएफचं पासबुक काढा. महिन्यागणिक कोणत्या पगारावर वर्गणी भरली ते त्यात दिसतं, आणि कंपनीनं स्वतःच भरलेला आकडा तिला सहज नाकारता येत नाही. कंपनी बदलल्यासारखं दाखवून मध्ये 'ब्रेक' टाकला असेल, तर तोही तिथेच उघडा पडतो.

गैरवर्तनाच्या नावाखाली ग्रॅच्युइटी जप्त करण्याचा प्रकार वाढतोय. त्यासाठी आधी त्याच कारणावरून नोकरीतून काढलेलं असावं लागतं. राजीनामा दिलेल्याची रक्कम 'नोटीस पिरियड भरला नाही' म्हणून जप्त करता येत नाही. नुकसान केल्याचा आरोप असेल तर नुकसानीएवढीच कपात. नैतिक अधःपतनाच्या, म्हणजे फसवणूक किंवा अपहारासारख्या गुन्ह्याबाबत मात्र सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२५ मध्ये चित्र बदललं. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या प्रकरणात खोट्या जन्मदाखल्यावर नोकरी मिळवली होती. फौजदारी शिक्षा झालेली नसली तरी चौकशीत सिद्ध झालेलं पुरेसं, असं ठरलं आणि पूर्ण जप्ती टिकली. त्याच निकालात एसटीच्या वाहकांचीही प्रकरणं होती, तिकिटांच्या पैशांच्या अपहाराची. तिथे जप्ती २५ टक्क्यांवर आणली गेली. म्हणजे कर्मचाऱ्यानं आता 'शिक्षा कुठे झाली?' यावर विसंबू नये. चौकशी नीट झाली का आणि पूर्ण रक्कम जप्त करणं गुन्ह्याच्या मानानं जास्त आहे का, यावर जोर द्यावा.

निकाल तुमच्या बाजूनं लागला तर मालकाला ६० दिवसांत अपील करता येतं, सबळ कारण असल्यास आणखी ६०. पण आदेशातली रक्कम आधी भरावी लागते, त्यामुळे नुसता वेळकाढूपणा महाग पडतो. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत, तर प्राधिकाऱ्याकडे वसुली प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. ते जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. अर्जात कंपनीचा नोंदणीकृत पत्ता, कारखान्याचा पत्ता आणि ज्या बँकेतून तुमचा पगार यायचा तिचं नाव-शाखा लिहा. एवढं नसेल तर तहसील कार्यालयातून 'पत्त्यावर आढळले नाहीत' असा शेरा मारून कागद परत येतो.