भाज्या भाजत नव्हत्या, उकडत होत्या

सॅलड करण्यात काय मोठंसं, असं मलाही वाटायचं. भाज्या चिरा, तेल-मीठ चोळा, ओव्हनमध्ये ढकला, लेट्यूसच्या पानांवर घाला. बाकी सगळं जमलंही. अडलं ते एकाच ठिकाणी, आणि त्यापायी माझे तीन रविवार गेले.

पहिल्या रविवारी ट्रे बाहेर काढला तर गाजर, झुकिनी, ढोबळी मिरची, कांदा, सगळे आपापल्या पाण्यात पोहताहेत. पाककृतीत लिहिलं होतं, 'कडा खरपूस होईपर्यंत'. म्हणून आणखी दहा मिनिटं ठेवलं, मग आणखी दहा. झुकिनीचा लगदा झाला, पण खरपूस काही होईना. पुढच्या रविवारी राग तापमानावर काढला, 180 चं 220 केलं. पाणी थोडं आटलं, इतकंच. तिसऱ्या खेपेला तेल वाढवलं, तर भाज्या उकडलेल्या त्या उकडलेल्याच, वर तेलकट! चिडून दार उघडलं आणि वाफेचा असा लोट आला की चष्म्यातून काही दिसेना. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. मी ट्रेमध्ये भाज्यांचा ढीग घालत होते. झुकिनीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच. ढिगातून वाफेला वाट मिळत नाही, आणि फोड ओली आहे तोवर ती 100 अंशांच्या फारशी वर जात नाही. तांबूस व्हायला साधारण 140 तरी लागतात. 'एका थरात पसरा' हे तीन शब्द लिहायला त्या पाककृतीवाल्याचं काय जात होतं?

मग दोन ट्रे घेतले, फोडींमध्ये बोटभर जागा सोडली. 220 वर पंचवीस मिनिटं, मध्ये एकदाच उलटल्या आणि ट्रेंची अदलाबदल केली. कांद्याच्या कडा काळसर, गाजरावर तांबूस डाग. अर्ध्या फोडी मी ओट्यापाशी उभ्यानंच संपवल्या.

हो, धुतलेल्या भाज्या फडक्यानं कोरड्या करायच्या, हे आधीच सांगायला हवं होतं. गाजर बारीक आणि झुकिनी जाड चिरली की दोन्ही एकदम होतात. भाज्यांना तेल लागलेलं असतंच, म्हणून वरून मी एक चमचा तेल आणि एक चमचा लिंबाचा रस, एवढंच फेटून घालते. आणि भाज्या कोमट होईपर्यंत लेट्यूसला हात लावू नका. गरम फोडी पडल्या की पानं लगेच माना टाकतात. हे मला चौथ्या रविवारी कळलं.