ओळी बरोबर, बेरीज चूक
मार्चमधली गोष्ट. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे भरात होते आणि पट्ट्या काढायला आमचा प्रोग्राम वापरणाऱ्या एका अडत दुकानातून दिवाणजींचा फोन आला. "साहेब, पट्टीच्या ओळी बरोबर हायत, बेरीज चुकलीया. तुमच्या मशिनला बेरीज येत न्हाई काय?"

शेतकऱ्याच्या हातात पडणारा हिशोब तो. त्यात रक्कम चुकली की भांडणच. विश्रामबागेतल्या ऑफिसात तीच पट्टी मी वीस वेळा काढली, वीसही वेळा बरोबर. शेवटी यार्डात जाऊन बसलो. तिथं दोन पोरं दोन कॉम्प्युटरवर एकदमच पट्ट्या काढत होती. दुपारी माझ्या डोळ्यांदेखत एक चुकीची निघाली. जादाची रक्कम शेजारच्या पट्टीतल्या एका ओळीएवढी, पैशापर्यंत तंतोतंत.

मग डोक्यात उजेड पडला. पट्टीचं पान जेएसपीत, म्हणजे एचटीएमएलमध्येच जावाचा कोड मिसळून लिहिलेलं. असं पान टॉमकॅट हा सर्व्हर आधी जावाच्या सर्व्हलेटमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या मागणीला उत्तर देणाऱ्या क्लासमध्ये, बदलतो आणि ती फाइल त्याच्या वर्क फोल्डरात पडून असते. (एररमधला ओळ क्रमांक आपल्या पानाशी जुळेना, तर तिथं बघावं.) उघडली. बेरीज साठवणारं व्हेरिएबल मेथडच्या (प्रत्येक मागणीला नव्यानं चालणाऱ्या भागाच्या) बाहेर, थेट क्लासमध्ये बसलेलं! सर्व्हलेटचा ऑब्जेक्ट एक, प्रत्येक रिक्वेस्टचा थ्रेड (कामाचा धागा) मात्र वेगळा. म्हणजे दोन दुकानदार आणि गल्ला एकच. त्यात प्रत्येक ओळीसाठी डेटाबेसकडे वेगळी फेरी, त्यामुळं मध्ये घुसायला दुसऱ्याला भरपूर वेळ.

सगळं एका उद्गारचिन्हानं केलं होतं. रक्कम लाख-हजारांत स्वल्पविराम देऊन छापायला मेथड हवी होती. ती नुसत्या <% मध्ये लिहिता येत नाही, <%! लागतं. उद्गारचिन्हाच्या कप्प्यातलं सगळं थेट क्लासमध्ये जातं, आणि त्याच कप्प्यात बेरीजही ठेवलेली. कुणी? मीच.

खात्री करायला लूपमध्ये पाच सेकंदांचा स्लीप, म्हणजे मुद्दाम थांबा, टाकला आणि दोन ब्राउझरमधून दोन पट्ट्या मागवल्या. पहिल्याच फटक्यात चूक. व्हेरिएबल खाली साध्या <% मध्ये आणलं, पुन्हा तसंच केलं, दोन्ही बरोबर. त्या रात्री बाकीची पानं चाळली, आणखी दोन ठिकाणी हाच प्रकार सापडला.

दुसऱ्या दिवशी दिवाणजींना सांगितलं, आता चुकणार नाही. "बरं," म्हणाले, आणि नव्या पट्टीवर पेन्सिलीनं बेरीज करायला लागले.