कोथिंबीर फुलोऱ्यावर आली की उपटू नका

कोथिंबिरीचा दांडा वर सरकला की बरेच जण ती सरळ उपटून टाकतात. मला ते बघवत नाही. पानांचा हंगाम संपत आला हे खरं, पण माझ्या मते या रोपाचा सगळ्यात चवदार काळ अजून पुढेच असतो.

बदलाची पहिली खूण पानांत दिसते. खालची पानं रुंद आणि कातरलेल्या कडांची. मग मधून एक ताठ दांडा निघतो आणि त्यावर येणारी पानं शेपूइतकी बारीक होत जातात. त्यांचा स्वाद उग्र होतो, देठ निबर होतात. दिवस मोठा होऊ लागला आणि ऊन तापलं की हे घडतंच. पाण्याची ओढ बसली तर आणखी लवकर. कोथिंबीर एकाच हंगामाची, बी धरण्याची तिला घाई असते. दांडा खुडून थोडी मुदत मिळते, पण रोप पुन्हा पानांकडे वळत नाही. पानंच हवी असतील तर दोन-तीन आठवड्यांनी थोडी थोडी नव्याने पेरत राहावी. आणि पेरावी ती जागेवरच. सोटमूळ दुखावलं की रोप आणखी लवकर फुलतं.

फुलं एकदा जवळून बघाच. छत्रीसारख्या झुपक्यात पांढरी, कधी फिकट गुलाबी. झुपक्याच्या कडेच्या फुलांच्या फक्त बाहेरच्या पाकळ्या मोठ्या असतात, आतल्या अगदी चिमुकल्या. मधमाश्या येतातच, शिवाय हवेत एका जागी तरंगणाऱ्या फुलमाश्याही येतात. त्यांच्यातल्या अनेकींच्या अळ्या मावा ही कीड खातात, म्हणून शेजारच्या झाडांसाठीही ही फुलं राहू द्यावीत.

आणि मग हिरवे धने! यांच्यासाठीच मी थांबते. टपोरा, हिरवागार दाणा, अंगावर उभ्या बारीक शिरा. दाताखाली फोडला की आधी कोथिंबिरीचा वास नाकात चढतो आणि मागून लिंबासारखा काहीतरी आंबूस सुगंध येतो. पान आणि धना दोन्ही एका दाण्यात. पानांचा तो वास आल्डिहाइड गटातल्या द्रव्यांचा. काहींना त्यातच साबणाचा वास येतो, आणि त्यात जनुकांचाही थोडा हात असतो. दाणा पिकत जातो तशी ही द्रव्यं कमी होतात आणि लिनालूल हे दुसरं सुगंधी द्रव्य वरचढ होतं. पिकलेल्या धन्याच्या सुगंधी तेलात निम्म्याहून जास्त वाटा बहुधा त्याचाच असतो. हिरव्या दाण्याची ही अवस्था फार टिकत नाही, त्यामुळे त्या दिवसांत मी रोज एक फेरी मारते आणि जाता-येता दोन-चार दाणे तोंडात टाकते.

बाकीचे झाडावरच पिकू द्यावेत. निम्मे-अधिक दाणे तपकिरी झाले की सकाळी, दांडे जरा ओलसर असतानाच, झुपके कापायचे. उन्हात कापले तर दाणे जमिनीवर झडतात. कागदी पिशवीत उलटे टांगून ठेवले की वाळलेले दाणे आपोआप तळाशी जमतात.

त्यातले मूठभर पेरणीसाठी बाजूला काढा. पेरण्याआधी हलक्या हाताने रगडून प्रत्येक दाण्याच्या दोन फाका करायच्या. दोन्ही फाकांत एकेक बी असतं, त्यामुळे एका दाण्यातून दोन रोपं मिळू शकतात.